नक्षी कुठून आणायची आणि बगल का उसवते

प्रश्न परभणीच्या एका तरुणीचा आहे. फॅशन डिझाइनचा डिप्लोमा झालाय, घरातच दोन मशीन टाकून ती कुर्ते आणि जॅकेट शिवते. तिचं म्हणणं असं: "मोठे डिझायनर प्रेरणा आणतात कुठून? मी मोबाइलवर बघून काही काढलं की आठ दिवसांत तेच सगळ्या दुकानांत लटकलेलं असतं. आणि दुसरं म्हणजे माझे कुर्ते दिसायला छान, पण सहा महिन्यांत बगलेत उसवून परत येतात. नेमकं चुकतंय काय?"

ताई, दोन्हीचं उत्तर एकाच गाठोड्यात आहे. घरात गोधडीसाठी बाजूला टाकलेल्या जुन्या कपड्यांचं गाठोडं असेलच. ते सोडा आणि एकेक कपडा उजेडात धरा. इरकली लुगडं मधोमध विरलंय, पण काठ अजून कोरा करकरीत आहे. सदऱ्याची कॉलर घडीवर गेलीय. पायजमा आसनात फाटलाय, कुर्ता बगलेत आणि साइड कटच्या टोकाला. एका वहीत प्रत्येक कपड्याला एक पान द्या आणि लिहा: कुठे गेला, उभ्या धाग्यात की आडव्या, शिलाई गेली की कापड, आणि घरातल्या बाईनं तो कसा सांधला होता. वीस पानं भरली की मोबाइलवर कोणाकडेच नसलेली माहिती तुमच्याकडे असेल.

लिहिताना शब्द नेमके वापरा, ते आपल्याकडे आहेत. उसवणं म्हणजे दोरा गेला, कापड शाबूत. फाटणं म्हणजे कापडच गेलं. विरणं म्हणजे घासून घासून धागे पातळ झाले. आणि चौथं, शिलाई जागेवर असते पण तिच्या शेजारचे धागे सरकून जाळी पडते. या चार दुखण्यांची औषधं वेगवेगळी आहेत. बहुतेक शिलाईवाले चारही ठिकाणी एकच औषध देतात: वरून अजून एक शिलाई.

कपडा जिथे हार खातो तिथून डिझाइन निघतं, याचं जगातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण जीन्सचं आहे. अमेरिकेतल्या नेवाडात जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. कष्टकऱ्यांच्या पँटचे खिसे कोपऱ्यात फाटतात म्हणून त्यानं तिथे तांब्याचे रिव्हेट ठोकले. कापड पुरवणाऱ्या लेव्ही स्ट्रॉसबरोबर त्याचं पेटंट मिळालं २० मे १८७३ ला. आज ते रिव्हेट लोक शोभेसाठी लावतात, पण मुळात ती दुरुस्ती होती.

दुसरं उदाहरण नीट समजून घेण्यासारखं आहे. ईव्ह सें लोराँ या फ्रेंच डिझायनरनं १९६५ मध्ये मॉन्ड्रियान या चित्रकाराच्या काळ्या रेघा आणि रंगीत चौकोन घेऊन झगे केले. त्यानं ते चित्र कापडावर छापलं नाही. प्रत्येक चौकोन वेगळा कापून जोडला आणि अंगाला आकार देणाऱ्या शिलाया त्या काळ्या रेघांच्या जोडात लपवल्या. नक्षी म्हणजेच शिलाई झाली. तुमचं डिझाइन आठ दिवसांत बाजारात दिसतं कारण ते वरून चिकटवलेलं असतं. प्रिंट उचलायला एक फोटो पुरतो. रचना उचलायची तर कपडा उसवावा लागतो, आणि तेवढे कष्ट बाजार घेत नाही.

आता मराठवाड्यात बघायचं काय. अजिंठ्याला जा, सोमवार सोडून, सोमवारी लेणी बंद असतात. आत फ्लॅश चालत नाही आणि उजेड कमी, त्यामुळे फोटोपेक्षा पेन्सिल आणि वही उपयोगी. बहुतेक विद्यार्थी पद्मपाणीच्या चेहऱ्यापुढे थांबतात. तुम्ही १ आणि १७ नंबरच्या लेण्यांत कमरेची वस्त्रं बघा. पट्टे कसे आहेत, पट्ट्याच्या आत बारीक नक्षी कुठे आहे, वस्त्र गुडघ्याशी कसं वळतं. १ आणि २ नंबरच्या लेण्यांचं छत चौकोनांत विभागलेलं आहे, कमळं, हंस, फळं. एवढ्यावर एका वर्षाचं काम निघेल. रंग मोजकेच आहेत: गेरूचा तांबडा, पिवळी माती, काजळी, चुन्याचा पांढरा, हिरवी माती, आणि कुठे कुठे बाहेरदेशातून आणलेल्या लाजवर्द या दगडाचा निळा. निळा महाग होता म्हणून जपून वापरलाय. तुमच्या कपड्यातही एक रंग असा जपून वापरून बघा.

तिथून एकच गोष्ट आणायची. समजा पट्ट्यांचं प्रमाण आणलं, एक अरुंद, चार पट रुंद, पुन्हा एक अरुंद. ते कागदावर काढा आणि कुर्त्याच्या पुढच्या भागावर ठेवा. मग बघा की अरुंद पट्टा नेमका तिथे येतो का, जिथे कपड्याला बळकटी हवी असते. खांद्याची शिलाई, बटणपट्टी, खिशाचं तोंड, कटचं टोक. आला तर तो पट्टा दुहेरी कापडाचा करा. नक्षीही झाली, अस्तरही झालं. पट्ट्याचं कापड घेणार असाल तर बाजूच्या शिलाईत पट्टे जुळवण्यासाठी किमान एका आवर्तनाएवढं (पट्ट्यांची नक्षी पुन्हा सुरू होते तेवढं) कापड जास्त घ्या, नाहीतर कापताना रडायची पाळी येते.

बीबी का मकबऱ्याच्या जाळ्या सगळ्यांनी वापरून झाल्यात, तरी जाळीत भरीव भाग किती आणि पोकळ किती हे मोजून बघा. कटवर्क, म्हणजे कापड कापून पोकळ नक्षी, करताना पोकळ भाग भरीवपेक्षा जास्त झाला की दोन धुण्यांत ते लोंबतं. दगडात चालतं ते कापडात चालत नाही. तेरच्या संग्रहालयातल्या मातीच्या मूर्तींवरचे दागिने आणि केशरचनाही बघून या. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापाऱ्याच्या टिपणात पैठण आणि तगरचा माल गाड्यांतून भडोचला जात असल्याचं लिहिलंय, आणि तगरच्या मालात साधं कापड आणि मलमल भरपूर. म्हणजे कापडाचा धंदा या मातीला नवा नाही.

हिमरू आणि मशरू या संभाजीनगरच्या दोन विणलेल्या कापडांचे नमुने विकत घेऊन उलटे करून बघा. मशरूत वर रेशीम आणि आत अंगाला सूत, म्हणून ते उकाड्यात सुसह्य. पण वरची वीण साटीनची, धागे लांब लांब तरंगतात, त्यामुळे अंगाबरोबर घट्ट शिवलं की शिलाईशेजारी जाळी पडते. हिमरूच्या मागे नक्षीचे मोकळे धागे सुटलेले असतात, त्यात अंगठी, कडं, नख अडकतं. म्हणून हिमरूला अस्तर हवंच, आणि दोन्ही कापडांना मार्जिन (शिलाईबाहेर सोडलेलं कापड) पाऊण इंचाच्या खाली नको. बंजारा तांड्यावरचं भरतकाम घेणार असाल तर तांड्यावरच्या बायांकडून भरून घ्या आणि दाम द्या. मशीनवर नक्कल करून "बंजारा कलेक्शन" म्हणायचं, हे माझ्या मते चोरीच आहे. शिवाय आरसे आणि कवड्या धुण्यात टिकत नाहीत, म्हणून असा तुकडा काढता येईल असा बटणांवर लावावा.

आणि घोंगडी. देशी मेंढीची लोकर, चिंचोक्याची खळ दिलेली. अंगाला टोचते, म्हणून आत सुती अस्तर लावून जॅकेट होतं. पहिल्या धुण्यात खळ निघते आणि कापड लुळं पडतं, तेव्हा कापायच्या आधी एकदा थंड पाण्यातून काढायचंच.

पण मला विचाराल तर या सगळ्यापेक्षा मोठी शाळा गोधडी आहे. ती नीट बघा. आत तीन-चार थर जुन्या सुती लुगड्याचे, धोतराचे, काही तर बोटानं भोसकावेत इतके विरलेले. तरी ती पंधरा वर्षं अंगावर राहते. का? बाई कडेकडेनं धावदोरा घालत आत मध्याकडे येते, दोन ओळींत बोटाएवढंही अंतर नसतं. प्रत्येक विरलेला धागा दर बोटाला एकदा धरला जातो. एका जागी फाटलं तरी फाट पुढच्या ओळीपर्यंत जाऊन थांबते. हे तत्त्व जसंच्या तसं कपड्यात आणता येतं. सदऱ्याच्या खांद्याचा जोड, कोपर, पायजम्याची बैठक, जॅकेटची पाठ: दोन थर कापड, मध्ये काही भरायचं नाही, दोन सुतांच्या अंतरानं जाड सुती दोऱ्याचा धावदोरा. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, शिंप्याच्या टेपवरचं.)

इथे नवशिके हमखास एक चूक करतात. भाग आधी मापात कापतात आणि मग धावदोरा घालतात. धावदोऱ्यानं कापड आवळतं, दाट घातला तर वीस इंचाला अर्धा-पाऊण इंच सहज जातो. मग खांदा लहान पडतो आणि बाही बसत नाही. आधी मोठ्या तुकड्यावर धावदोरा, मग एकदा धुणं, मग इस्त्री, आणि नंतर पॅटर्न ठेवून कापणं. कापल्यावर कडेनं लगेच एक मशीनची टीप मारून घ्या, नाहीतर धावदोऱ्याची टोकं सुटतात.

आता बगल. तुमचा कुर्ता उसवतो त्याचं मूळ बहुधा शिलाईत नाही, कटिंगमध्ये आहे. गिऱ्हाईक म्हणतं "बगलेत काचतंय", आपण मुंढा (बाही जोडतात ती गोलाई) अर्धा इंच खाली उतरवतो. त्या दिवशी बरं वाटतं. पण मुंढा जितका खाली, तितकी बाही अंगाला खाली जोडलेली. मग हात वर केला की बाहीबरोबर अख्खा कुर्ता वर ओढला जातो, आणि ती सगळी ओढ बगलेतल्या दोन इंचांवर येते. स्कूटीवर हँडल धरून बसलेली, फळ्यावर लिहिणारी, दोरीवर कपडे वाळत घालणारी बाई दिवसातून शंभरदा ही ओढ देते. म्हणून मुंढा खाली नको, वर हवा: बगलेच्या खळग्यापासून साधारण एक इंच खाली, बस. काचू नये यासाठी बाही बदलायची. बाहीच्या वरच्या गोलाईची उंची अर्धा ते पाऊण इंच कमी करा आणि गोलाईच्या रेघेची लांबी तेवढीच ठेवा; दंडाची रुंदी आपोआप वाढते. मग मुंढ्याचा घेर आणि बाहीचा घेर टेप उभा धरून मोजा. सुती कुर्त्याला बाही अर्ध्या इंचापर्यंत जास्त चालते. त्याहून जास्त झाली की खांद्यावर चुण्या येतात.

जुन्या चादरीत एक नमुना शिवून अंगावर घाला आणि उंच फळीवरचा डबा काढतो तसे दोन्ही हात वर करा. खालची कड दोन इंचांपेक्षा जास्त वर गेली तर मुंढा अजून खाली आहे.

सरळ कापाच्या कुर्त्याला याहून जुना आणि पक्का उपाय आहे, बगलेतली कळी. चार इंचांचा चौकोन कापा, सगळीकडे अर्धा इंच मार्जिन गेलं की तयार तीन इंच राहतो. तो शंकरपाळ्यासारखा तिरपा बसतो, म्हणजे हात वर केला की ओढ कापडाच्या क्रॉसमध्ये, म्हणजे धाग्यांना तिरप्या दिशेत, येते आणि क्रॉसमध्ये कापड ताणलं जातं, तुटत नाही. शिवताना चारही कोपऱ्यांत शिलाई मार्जिनपर्यंत न्यायची नाही, नेमक्या खुणेवर थांबवून उलटी टीप मारायची. एक टाका पुढे गेला तर कोपरा चुरगळतो, एक मागे राहिला तर भोक राहतं आणि पहिल्याच महिन्यात तिथून उसवतं. कळी दुसऱ्या रंगाची लावा, लपवू नका. हात हलला की चमकणारा तो रंग कुठल्याही प्रिंटपेक्षा देखणा दिसतो.

गोल मुंढ्याला कळीच्या ऐवजी खालच्या एक तृतीयांश भागात दुसरी शिलाई, पहिलीपासून एक सूत बाहेर, मार्जिनच्या बाजूला. आणि तिथे कात्रीनं खाचा मारू नका. गोलाई सपाट बसावी म्हणून शिलाईपर्यंत खाचा मारायची सवय असते. बगलेत फाटण्याची सुरुवात त्याच खाचेतून होते. मार्जिन उभं राहू द्या. ओव्हरलॉकवर भरवसा ठेवू नका. ते फक्त कड सुटू देत नाही, जोड धरत नाही, उलट त्याची सुरी मार्जिन दोन सुतांवर आणून ठेवते. बाजूच्या शिलाईला एक इंच मार्जिन ठेवा. कुर्त्यामागे फार तर पाव मीटर कापड जास्त लागेल, पण बाई अंगानं भरली तर तोच कुर्ता सैल करून देता येतो.

दोऱ्याबद्दल एक गोष्ट उलटी वाटेल. दोरा कापडापेक्षा किंचित कमजोर असावा. ओढ बसली की शिलाई उसवावी, कापड फाटू नये. उसवलेलं पाच मिनिटांत शिवता येतं, फाटलेलं कधीच पहिल्यासारखं होत नाही. म्हणून जीन्सला जाड पॉलिस्टर दोरा ठीक, पण जुन्या मऊ लुगड्याच्या जॅकेटला तोच दोरा वापरला तर तो करवतीसारखा कापड कापतो. तिथे सुती दोराच हवा. टाके इंचाला साधारण असे: मलमलला बारा, कुर्त्याच्या सुताला दहा, डेनिमला आठ. त्याहून बारीक टाके म्हणजे तिकिटासारखी भोकांची रांग, कापड तिथूनच फाटतं. सुई मलमलला ११ नंबर, कुर्त्याला १४, डेनिमला १६. आठ-दहा तास शिवलं की सुई बदला. बोथट सुई धागा बाजूला सारत नाही, तोडते, आणि ती भोकं शिवताना दिसत नाहीत, तिसऱ्या धुण्यानंतर दिसतात.

बाकीच्या जागा भराभर. साइड कटच्या टोकाला आतून इंचभर त्रिकोणी तुकडा आणि वरून सहा-सात आडवे टाके. खिशाच्या दोन्ही कोपऱ्यांखाली आत एक इंचाचा चौकोन. नेफ्यात नाडी बाहेर येते त्या भोकामागे दुहेरी कापड. आसनाची शिलाई लावताना कापड किंचित ताणून धरायचं आणि लगोलग दुसरी शिलाई त्याच रेघेवर. कॉलर घडीवर जाते, म्हणून दुसरी कॉलर त्याच कापडात कापून गिऱ्हाइकाला देऊन ठेवा.

कापड घेतानाच निम्मं काम होतं. अंगठ्याच्या नखानं कापडावर जोरात घासून बघा. धागे बाजूला झाले तर ते शिलाईतही सरकणार. अशा कापडाचं घट्ट काही शिवू नका, कितीही शिलाया मारल्या तरी उपयोग नाही, कारण तिथे दोरा दोषी नसतो. ओल्या पांढऱ्या फडक्यानं दहा वेळा घासा, रंग उतरला तर पांढऱ्याबरोबर जोडू नका. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो हा समज चुकीचा आहे; रंगवताना मीठ लागतं, रंगवून झालेल्या कापडाला त्यानं काही होत नाही. आटण्यासाठी कापडावर ५० सेंटिमीटरचा चौकोन पेननं आखा, धुवा, वाळवा, इस्त्री करून मोजा. ४८ भरला तर चार टक्के आटलं. ४२ इंच उंचीच्या कुर्त्यात हे दीड इंचाहून जास्त होतं. अस्तर आणि कॉलरचं कॅनव्हासही आधी भिजवा. वरचं कापड आटलं आणि आतलं नाही, की फुगे येतात, आणि मग गिऱ्हाईक इस्त्रीवाल्याला शिव्या देतं.

आणि धुणं, कारण आपल्याकडे कपडा अंगावर कमी आणि दगडावर जास्त मरतो. बोअरचं पाणी जड असतं. त्यात साबणाची वडी घासली की चिकट चुनखडी साका तयार होतो, तो धाग्यांत बसतो, कापड करडं आणि कडक होतं, आणि कडक झालेलं कापड घडीवर तुटतं. जड पाण्यात वडीपेक्षा डिटर्जंट पावडर बरी. शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर टाकलं की साका निघायला मदत होते. धुण्याचा सोडा सुताला चालतो, रेशमाला अजिबात नाही. धोपटण्यानं बटणं आणि कॉलर आधी जातात. मे महिन्याच्या उन्हात रंगीत कपडा उलटा करून सावलीत वाळवा. चाळीस अंशांच्या वर पारा असताना सुती कुर्ता तिथेही लवकर वाळतो. हे सगळं चिठ्ठीवर चार ओळींत लिहून प्रत्येक कुर्त्याबरोबर द्या.

चिठ्ठीबरोबर ठिगळाचं कापडही द्यायचं, पण सुटं पिशवीत नको. दोन वर्षांनी ठिगळ लावायची वेळ येते तेव्हा कुर्ता विटलेला असतो आणि पिशवीतला तुकडा नवाकोरा, मग ठिगळ लांबून ओळखू येतं. चार इंचांचा तुकडा खालच्या पट्टीच्या आत, उलट्या बाजूनं, चारी कडांना सैल धावदोऱ्यानं टाचून ठेवा. तो कुर्त्याबरोबर धुतला जाईल, आटेल आणि विटेल.